शिक्षक घडवायचा खर्च कुणी करायचा?

मंडळी, डी.एड. कॉलेजांच्या जागा रिकाम्या राहिल्याची बातमी आता नवी राहिलेली नाही. आपण ती वाचतो, "नोकऱ्याच कुठं आहेत, मग पोरं कशाला जातील" म्हणतो आणि पुढं सरकतो. पण ही अवस्था काही एका रात्रीत आलेली नाही. तिच्यामागं पैशाचा एक जुना प्रश्न आहे. मास्तर तयार व्हायला दोन वर्षं लागतात. त्या दोन वर्षांचा खर्च कुणी उचलायचा? सरकारनं, संस्थेनं, की पोराच्या बापानं? पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

सुरुवात १८५४ ची. त्या वर्षीच्या वुडच्या खलित्यात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, खासगी शाळांना सरकारनं अनुदान द्यावं. दोन, शिक्षक तयार करायला नॉर्मल स्कूलं काढावीत आणि तिथं शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्यावं. आपण आज 'अनुदानित' हा शब्द वापरतो, त्याचं मूळ इथं आहे. म्हणजे मास्तरकी शिकणाऱ्याला पैसे द्यायचे, त्याच्याकडून घ्यायचे नाहीत, हे कंपनी सरकारलासुद्धा कळत होतं.

पण या सोयीचा फायदा कुणाला झाला? १८८२ साली हंटर आयोग आला तेव्हा महात्मा फुल्यांनी त्याच्यापुढं लेखी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्राथमिक शाळांतले जवळपास सगळे शिक्षक एकाच जातीतून येतात, त्यामुळं कुणब्या-माळ्यांची पोरं शाळेत टिकत नाहीत. तेव्हा शिक्षक शेतकरी-कष्टकरी वर्गातून तयार करा, नांगर धरायची लाज वाटणार नाही असा मास्तर गावाला द्या, आणि त्याला पगार नीट द्या. फुल्यांचा मुद्दा साधा होता. शिक्षक कोणत्या घरातून येतो, यावर वर्गात कोण बसणार हे ठरतं. आणि गरीब घरातून शिक्षक यायचा असेल, तर त्याच्या शिकण्याचा खर्च दुसऱ्या कुणीतरी उचलावाच लागतो.

हे काम आपल्या साताऱ्यात करून दाखवलं ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झालं. बोर्डिंगसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपल्याकडं घराघरात माहीत आहे. त्यापुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९३५ मध्ये अण्णांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. नाव इंग्रज बादशहाच्या रौप्यमहोत्सवाचं, पण काम खेड्यातल्या पोरांना मास्तर करण्याचं. खेड्यात शाळा काढायच्या तर आधी खेड्यात राहायला तयार असणारा मास्तर हवा, हा हिशोब अण्णांचा पक्का होता. पुढं रयतनं ५७८ व्हॉलंटरी शाळा चालवल्या. या शाळांना लागणारे मास्तर काही आभाळातून पडले नाहीत.

अण्णांनी सरकारी अनुदान घेतलं, पण मान तुकवली नाही. १९४८ मध्ये त्यांची परखड भाषणं मुंबई सरकारला झोंबली आणि रयतचं अनुदान बंद झालं. शेवटी गाडगेबाबांसारख्यांनी शब्द टाकला, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. अनुदानाबरोबर लगामही येतो, हे तेव्हाच दिसलं. तरीही अण्णांनी "नको तुमचं अनुदान, पोरांकडून फी घेतो" असं म्हटलं नाही, कारण फी लावली की पहिला बाहेर पडणार तो ज्याच्यासाठी हे सगळं उभं केलं तोच.

मग आपण कधी चुकलो? १९८३ मध्ये राज्यानं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. हळूहळू तोच वारा शिक्षक-शिक्षणात शिरला. बारावीनंतर डी.एड. केलं की नोकरी पक्की, अशी समजूत गावोगाव होती. तिच्यावर कॉलेजं उगवली. कुणी म्हैस विकली, कुणी सोसायटीचं कर्ज काढलं. ज्या शिक्षणासाठी पूर्वी विद्यावेतन मिळायचं, त्याच शिक्षणासाठी आता शेतकऱ्याचा पोरगा पैसे मोजू लागला.

कळस झाला तो २००८ च्या सुमारास. राज्य सरकारचा विरोध असताना राष्ट्रीय शिक्षक शिक्षा परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीनं महाराष्ट्रात एका दमात २९१ डी.एड. संस्थांना मान्यता दिली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला, २०१२ मध्ये अहवाल आला. त्यातला गाभा असा: देशातल्या बहुतेक शिक्षक-शिक्षण संस्था खासगी हातात आहेत, सरकारनं इथं स्वतःचा पैसा वाढवला पाहिजे. देशभरासाठीचा हा आयोग नेमायची वेळ आली ती आपल्या महाराष्ट्राच्या प्रकरणामुळं, हे लक्षात ठेवा.

आता पुढचं वळण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षक व्हायला चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही किमान पात्रता होणार. सुट्या अध्यापक विद्यालयांचे दिवस भरले. चार वर्षांचा अभ्यासक्रम चांगलाच असेल, वाद नाही. पण दोनाची चार वर्षं झाली की खर्चही वाढतो. त्याच धोरणात ग्रामीण भागातल्या हुशार विद्यार्थ्यांना बी.एड.साठी खास शिष्यवृत्ती आणि नंतर त्यांच्याच भागात नोकरीत प्राधान्य, असंही लिहिलं आहे. फुल्यांनी १८८२ मध्ये मागितलं होतं, ते जवळपास हेच.

कागदावर आलंय, बजेटात किती येतंय ते बघायचं. पुढच्या वेळी आमदार-खासदार गावात आले की रस्ता, गटार विचाराच, पण एक प्रश्न जास्तीचा विचारा: आपल्या तालुक्यातल्या किती पोरा-पोरींना ही शिष्यवृत्ती मिळाली?

तुमच्या घरात, भावकीत कुणी विद्यावेतनावर शिकून मास्तर किंवा बाई झालं असेल, तर खाली जरूर लिहा. त्या पैशानं घर कसं बदललं ते आजच्या पोरांना कळू द्या.