पर्वताचें वय

श्रोतेहो, पर्वताला आपल्या भाषेंत ‘अचल’ असें एक नांव आहे. नद्या पात्रें बदलतात, राज्यें येतात आणि जातात, पण पर्वत होता तेथेंच उभा असतो, अशी ही समजूत. पर्वत कधीं काळीं उठले आणि उठल्या दिवसापासून झिजत आहेत, हें भूशास्त्रज्ञांनीं दीडशें वर्षांपूर्वींच ओळखलें होतें. परंतु पर्वत उठतो एवढें ओळखणें निराळें, आणि तो केव्हां उठला व कोणत्या वेगानें उठला, हें वर्षांच्या हिशेबानें सांगणें निराळें. हा हिशेब मनुष्याच्या हातीं कसा आला, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

एकोणिसाव्या शतकांतील भूशास्त्रज्ञांजवळ खडकांचा क्रम होता, काल नव्हता. खालचा थर आधींचा, वरचा नंतरचा. ज्या थरांत अमुक शंख-शिंपले सांपडतात तो अमुक युगांतील. येथपर्यंत त्यांची मजल गेली होती. कुटुंबांत वडील कोण व धाकटा कोण हें ठाऊक होतें, पण जन्मपत्रिका एकाचीहि नव्हती. अशा वेळीं विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांनीं गणित मांडलें. पृथ्वी प्रथम तप्त होती व तेव्हांपासून निवत आहे असें धरून त्यांनीं १८६२ सालीं तिचें वय दोन कोटि ते चाळीस कोटि वर्षांच्या दरम्यान ठरविलें, आणि १८९७ सालीं तें दोन ते चार कोटींवर आणलें. एवढ्या अल्प काळांत मैल मैल जाडीचे थर सांचावेत, उचलले जावेत आणि पुन्हां झिजून जावेत, हें भूशास्त्रज्ञांना पटेना. पण या गणिताला गणितानें उत्तर देण्याचें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. चूक आंकडेमोडींत नव्हती, गृहीतांत होती. भूगर्भांतील उष्णता घन पदार्थांतून जाते तशी केवळ वहनानेंच बाहेर येते, असें केल्व्हिन यांनीं धरलें होतें. त्यांचेच एके काळचे साहाय्यक जॉन पेरी यांनीं १८९५ सालीं ही उणीव दाखविली, पण मोठ्या नांवापुढें तिच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

वर्षें मोजण्याचें साधन आलें तें निराळ्याच दिशेनें. युरेनियमपासून अदृश्य किरण निघतात असें १८९६ सालीं बेकरेल यांना आढळलें. किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे अणु आपोआप फुटून त्यांचें दुसरें मूलद्रव्य होतें, आणि या रूपांतराची गति ठरलेली असते, हें १९०२ च्या सुमारास रदरफोर्ड व सॉडी यांनीं दाखविलें. पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें वा दाबानें ही गति जाणवण्याइतकी बदलत नाहीं. खडकांतील घड्याळ तें हेंच. एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या भाराचे प्रकार असतात. सॉडी यांनीं १९१३ सालीं त्यांना ‘आयसोटोप’ हें नांव दिलें, आपण त्यांस समस्थानिक म्हणतों. युरेनियमचा २३८ भाराचा समस्थानिक ४४७ कोटि वर्षांत निम्मा उरतो, आणि सरलेल्या भागाचें अखेरीस शिसें होतें. खनिजांत युरेनियम किती उरलें व त्यापासून शिसें किती झालें हें मोजलें कीं काल निघाला. अमेरिकेंत बोल्टवुड यांनीं १९०७ सालीं या रीतीनें पहिलीं वयें प्रसिद्ध केलीं. इंग्लंडांत आर्थर होम्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९११ सालीं नॉर्वेंतील एका खडकाचें वय ३७ कोटि वर्षें काढलें. केल्व्हिन यांनीं सबंध पृथ्वीला दिलेल्या आयुष्याच्या जवळजवळ दहापट वय एका दगडाच्या पदरीं निघालें! पुढें अ‍ॅस्टन यांनीं १९१९ सालीं अणूंना भाराप्रमाणें वेगळें करणारें यंत्र तयार केलें, निअर यांनीं १९४० च्या आसपास त्यावर शिशाचे समस्थानिक बारकाईनें मोजले, आणि घड्याळ भरंवशाचें झालें.

मात्र खडकाचें वय म्हणजे पर्वताचें वय नव्हे. एखाद्या वाड्याच्या तुळईचें लांकूड दोनशें वर्षांचें निघालें, म्हणून वाडा तेव्हां बांधला असें कोणी म्हणत नाहीं. एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडीचा दगड आहे. त्यांत समुद्रांतील प्राण्यांचे अवशेष आहेत, आणि तो सुमारें ४७ कोटि वर्षांपूर्वींचा आहे. त्या वेळीं तेथें समुद्र होता. हिमालयाचा मागमूसहि नव्हता. तेव्हां खडक केव्हां जन्मला हें न विचारतां तो वर केव्हां आला, हें घड्याळाला कसें विचारावयाचें?

याचा उलगडा युरोपांतील आल्प्स पर्वतांत झाला, आणि तो एका कोड्यांतून झाला. १९६० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बर्न येथें एमिली येगर या विदुषी रुबिडियम व स्ट्रॉन्शियम यांच्या समस्थानिकांवरून अभ्रकांचीं वयें काढीत होत्या. मध्य आल्प्समधील कांहीं ग्रॅनाइट सुमारें तीस कोटि वर्षांचे जुने. पण त्यांतीलच काळें अभ्रक आपलें वय एक-दोन कोटि वर्षें एवढेंच सांगे. पांढरें अभ्रक कांहींसें अधिक सांगे. एकाच दगडांत तीन घड्याळें आणि तिन्ही निराळा वेळ दाखविणारीं! दुसरा कोणी असता तर त्यानें पद्धतीलाच दोष देऊन आंकडे बाजूस सारले असते. येगर यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें पाहिलें कीं, हा फरक वेडावांकडा नाहीं. त्याला नियम आहे.

तो नियम आपल्या स्वयंपाकघरांतील उदाहरणानें समजेल. मेण, तूप व खोबरेल तेल तिन्ही तापवून पातळ करावीं आणि निवत ठेवावीं. प्रथम मेण घट्ट होईल, मग तूप थिजेल, आणि खोबरेल थंडी पडल्यावर गोठेल. खनिजांचेंहि तसेंच. अतिशय तापलेल्या स्थितींत किरणोत्सर्गानें झालेलें नवें द्रव्य खनिजांत टिकत नाहीं, तें निसटून जातें. ठराविक उष्णतेच्या खालीं खनिज निवालें कीं तें आंतच अडकतें, आणि घड्याळ चालूं होतें. येगर यांच्या पद्धतींत पांढऱ्या अभ्रकाचें घड्याळ सुमारें ५०० अंशांवर आणि काळ्या अभ्रकाचें ३०० अंशांवर सुरू होतें. १९७३ सालीं डॉड्सन यांनीं या कल्पनेला गणिताचें रूप दिलें.

आतां हिशेब पाहा. समजा, एका दगडांतील पांढरें अभ्रक २ कोटि २० लक्ष वर्षें सांगतें आणि काळें १ कोटि ८० लक्ष. म्हणजे चाळीस लक्ष वर्षांत तो दगड दोनशें अंश निवाला. पृथ्वीच्या पोटांत दर किलोमीटरला साधारण तीस अंश उष्णता वाढते असें धरलें, तर तेवढ्या काळांत तो सहासात किलोमीटर भूपृष्ठाच्या जवळ आला. म्हणजे वर्षाला दीड मिलिमीटरहून थोडें अधिक. नखाच्या वाढीहून कितीतरी मंद अशी ही गति. पण कोट्यवधि वर्षांत तिनेंच पर्वत घडतात.

हेंच घड्याळ हिमालयाला लावलें तेव्हां काय दिसलें? भारताचा भूखंड सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं आशियाला भिडला. त्या दडपणानें भूकवच जाड झालें व खोल भागांत खडक वितळले. गंगोत्रीच्या वरच्या अंगास असलेलें शिवलिंग शिखर अशाच वितळून गोठलेल्या ग्रॅनाइटचें आहे. त्याचें वय सुमारें २ कोटि ३० लक्ष वर्षें. जो खडक तेव्हां पृथ्वीच्या पोटांत होता, तो आज साडेसहा हजार मीटर उंचीवर हिम झेलीत आहे. नंगा पर्वताची गोष्ट याहून नवलाची. या पर्वताभोवतीं हिमालयाच्या रांगा कशा वळतात, हें दाराशा वाडिया यांनीं १९३१ सालीं उकललें होतें. १९८० नंतर तेथील खनिजें तपासलीं गेलीं, तेव्हां कांहींचें वय दहा लक्ष वर्षांहूनहि कमी निघालें. आपले पूर्वज दगडी हत्यारें घडवीत होते, त्या काळीं तेथील आज उघडा दिसणारा खडक कित्येक किलोमीटर खोल होता! जें वर आलें, त्याच्या डोक्यावरील सारें नद्यांनीं वाहून नेलें. बंगालच्या उपसागराच्या गाळांतील अभ्रकाचे दाणे तपासून १९९० सालीं कोपलंड व हॅरिसन यांनीं दाखविलें कीं, हिमालयांत अशी जलद झीज पावणेदोन कोटि वर्षांहून अधिक काळ कोठें ना कोठें चालूच आहे.

आपल्या सह्याद्रीशीं तुलना केली म्हणजे पर्वताच्या वयाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे थर. तो शिवलिंगाच्या ग्रॅनाइटहून जुना, पण एव्हरेस्टच्या चुनखडीहून पुष्कळच तरुण. दगडांच्या वयानें पर्वतांची वडीलधाकटी ठरवूं गेलें तर असा घोंटाळा होतो. दगड केव्हां झाला, तो केव्हां निवत वर आला, आणि आज तो किती वेगानें झिजतो, हे तीन निराळे प्रश्न आहेत, आणि तिन्हींचीं उत्तरें मिळाल्यावांचून पर्वताचें चरित्र पुरें होत नाहीं.

हें ज्ञान केवळ पंडितांच्या कामाचें आहे असें मात्र समजूं नये. ज्या रेट्यानें तो दगड वर आला, तो रेटा आजहि थांबलेला नाहीं. भारत दरसाल सुमारें दोन सेंटिमीटर हिमालयाखालीं घुसत आहे. हा ताण खडकांत सांठतो व एखाद्या दिवशीं सुटतो. १९३४ सालीं बिहार व नेपाळ, १९५० सालीं आसाम आणि २०१५ सालीं पुन्हां नेपाळ यांनीं त्याचा अनुभव घेतला. पुढचा धक्का कोणत्या दिवशीं बसेल हें अभ्रकांतील घड्याळ सांगूं शकत नाहीं. पण धक्का हा पर्वताच्या नेहमींच्या चालीचाच एक भाग आहे, आणि ती चाल कोट्यवधि वर्षांची आहे, एवढें तें निःसंशय सांगतें. त्या उतारांवर घरें, शाळा व धरणें बांधणारांनीं पर्वताला अचल मानून पाया घालूं नये, इतकी विनंति करून मी आजचें भाषण पुरें करतों.