दालीबुवांची परदेशवारी

पुरणपोळी वाळत घालावी तशी झाडाच्या फांदीवर घडी घालून टाकलेली मऊ मऊ घड्याळे! ते चित्र कुठे ना कुठे छापलेले आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. साल्वादोर दालीने ते १९३१ साली काढले. मूळ चित्र समोर आले तर माणूस जरा खट्टू होतो, कारण ते जेमतेम वीतभर उंच आणि दीड वीत रुंद आहे. एवढ्याशा कापडावर डोळ्यांत तेल घालून काम करणारा हा कारागीर. आणि हाच गृहस्थ परक्या शहरात पाऊल टाकले की असे काही चाळे करी की पोलीस, न्यायाधीश, हॉटेलवाले आणि प्राणिसंग्रहालयवाले या सर्वांना त्याच्यासाठी धावाधाव करावी लागे. त्या चाळ्यांचीच ही हकीकत आहे. चित्रांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यांना आज दिवाळीची सुट्टी देऊ.

दाली स्पेनमधल्या कातालोनियाचा. फिगेरस नावाच्या गावी १९०४ साली जन्मलेला. बाप गावातला नोटरी, म्हणजे बऱ्यापैकी वजनदार माणूस. मुलाच्या वागण्याला कंटाळून पुढे त्याने त्याला घराबाहेर काढले. हा मुलगा १९३४ साली अमेरिकेला निघाला तेव्हा त्याच्या खिशात तिकिटापुरतेही पैसे नव्हते. पिकासोने ते उसने दिले. पॅरिसहून बंदराकडे जाणाऱ्या आगगाडीत हा इंजिनाजवळच्या डब्यात बसला. का, तर तेवढेच लवकर पोचता येईल! शिवाय चित्रे कुणी पळवू नयेत म्हणून प्रत्येक चित्राला दोरी बांधून त्या दोऱ्यांची टोके त्याने स्वतःच्या अंगाला बांधून घेतली होती. आपल्याकडे एस. टी.त कोंबड्या घेऊन बसणारी म्हातारी दिसते, तसेच ते दृश्य असणार.

जहाजाचे नाव ‘शांप्लेन’. दालीला समुद्राची भयंकर भीती. प्रवासाचा बराचसा वेळ त्याने अंगात जीवरक्षक जाकीट घालूनच काढला. इंग्रजी येत नव्हते. न्यूयॉर्क कसे जिंकायचे याची मसलत मात्र पक्की होती: बंदरावर उतरताना हातात पंधरा मीटर लांबीचा पाव असावा! जहाजावरच्या भटारखान्याची भट्टी एवढी लांब नव्हती. आचाऱ्याने अडीच मीटरांवर तोडपाणी केले. तो पाव काखोटीला मारून स्वारी वार्ताहरांपुढे उभी राहिली. बातमीदारांनी दालीला हजार प्रश्न विचारले, पण पावाबद्दल एकाने ब्र काढला नाही. न्यूयॉर्कमध्ये माणसे काहीही घेऊन उतरत असावीत. त्यांचे लक्ष गेले ते एका चित्राकडे. त्यात दालीने आपली पत्नी गाला हिच्या खांद्यावर मटणाच्या दोन चापा ठेवलेल्या दाखवल्या होत्या. बायकोही आवडते, चापाही आवडतात, मग दोन्ही एकत्र का काढू नयेत, असा त्याचा खुलासा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चापा झळकल्या आणि पाव बिचारा उपाशी राहिला.

यातला बराच मजकूर दालीच्या १९४२ सालच्या आत्मचरित्रातला आहे, आणि ते पुस्तक वाचताना पानोपानी शंका येते की हा गडी थापा मारतो आहे. चित्रकाराला रंग भरायची सवय असते, ती लेखणी हातात घेतल्याने थोडीच सुटते? पण पुढच्या दोन प्रसंगांना साक्षीदार इतके आहेत की तिथे शंकेला जागा उरत नाही.

पहिला प्रसंग लंडनचा. १९३६ च्या जून महिन्यात तिथे न्यू बर्लिंग्टन गॅलरीत अतिवास्तववादी चित्रकारांचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. इंग्रज माणूस एरवी छत्री, टोपी आणि हवामान यांपलीकडे सहसा जात नाही. पण वीस हजारांवर माणसे या प्रदर्शनाला लोटली. एक बाई गुलाबाच्या फुलांनी अख्खे डोके झाकून ट्रफाल्गर चौकात कबुतरांमध्ये उभी राहिली. डिलन टॉमस नावाचा तरुण कवी पेल्यांतून उकडलेला सुतळीचा तोडा घेऊन पाहुण्यांत हिंडत होता आणि ‘कडक हवा की फिका?’ असे अदबीने विचारीत होता. अशा मांडवात दालीचे व्याख्यान १ जुलैला ठरले. आता आपण काय करावे, हा प्रश्न त्याला पडलाच असेल.

तो आला तो समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या पाणबुड्याच्या पोशाखात. पायांत शिशाचे जड बूट, डोक्यावर बोल्टांनी आवळलेले धातूचे शिरस्त्राण, एका हातात बिलियर्डची काठी, दुसऱ्या हातात दोन दांडग्या रशियन कुत्र्यांच्या दोऱ्या. मनाच्या खोल तळाशी उतरायचे आहे, ही त्यामागची कल्पना. पोशाख भाड्याने आणताना दुकानदाराने किती खोल जायचे आहे असे विचारले, तेव्हा त्याला हेच उत्तर मिळाल्याची गोष्ट सांगतात. व्याख्यान सुरू झाले. शिरस्त्राणाच्या आतून दाली फ्रेंचमध्ये काय बोलतो आहे ते कुणालाही ऐकू येत नव्हते. पण ऐकू आले असते तरी कळले असते याची काय खात्री? म्हणून लोक शांतपणे बसून होते. थोड्या वेळाने वक्ता हातवारे करू लागला. लोक खूष! मग तो डोलू लागला. लोक अधिकच खूष! टाळ्या पडल्या. वस्तुस्थिती अशी होती की शिरस्त्राणात हवाच येत नव्हती, आणि माणूस गुदमरत होता.

शंका आली ती जवळच्या एकदोघांना. त्यांनी झाकण उघडायचा प्रयत्न केला तर बोल्ट हलेनात. डेव्हिड गॅस्कॉइन हा कवी पाना शोधायला धावला. तो पाना घेऊन परत येईपर्यंत दालीची काय अवस्था झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. शेवटी एकदाचे डोके बाहेर आले. चेहरा पांढराफटक, घामाने डबडबलेला. आणि प्रेक्षक? त्यांना हा सगळा ठरलेल्या कार्यक्रमाचाच भाग वाटला. जो माणूस रोज सोंग काढतो त्याचे खरे मरणही लोकांना सोंगच वाटणार. दालीने पुढचे व्याख्यान पुरे केले, हे मात्र सांगितले पाहिजे.

याच्या सतराव्या दिवशी स्पेनचे यादवी युद्ध पेटले होते. ऑगस्टमध्ये दालीचा माद्रिदच्या वसतिगृहातला जिवलग मित्र, कवी लोर्का, ग्रानाडाजवळ गोळ्या घालून मारला गेला. दालीने त्याच वर्षी एक भयानक चित्र काढले होते. त्यात स्वतःच्याच हातांनी स्वतःला ओरबाडणारे, फाडणारे एक अजस्र शरीर आहे आणि खाली उकडलेल्या शेंगदाण्यांसारख्या घेवड्याच्या बिया पसरलेल्या आहेत. युद्ध सुरू झाल्यावर त्या चित्राला त्याने ‘यादवीची पूर्वसूचना’ असे नाव दिले. लंडनकरांनी लक्षात ठेवला तो पाणबुड्या. दोष कुणाचा? मला विचाराल तर थोडा दालीचाच. पुढे त्याने फ्रँकोची तोंडभर स्तुती केली. त्या गोष्टीवर विनोदाचे पांघरूण घालता येत नाही आणि मी घालणारही नाही.

दुसरा प्रसंग न्यूयॉर्कचा, १९३९ च्या मार्चमधला. फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या बॉनविट टेलर या बड्या कापड-दुकानाने दालीला दोन काचखिडक्या सजवायला दिल्या. त्याने एकीत दिवस मांडला, दुसरीत रात्र. दिवसाच्या खिडकीत मेंढीच्या काळ्या कुरळ्या लोकरीने मढवलेला न्हाणीचा टब होता, त्यात काठोकाठ पाणी. आणि शेजारी कुठल्याशा अडगळीतून काढलेली, धूळ खाल्लेली मेणाची जुनी बाहुली. रात्रीच्या खिडकीत निखाऱ्यांवर झोपलेली दुसरी. रात्रभर राबून दाली झोपायला गेला. सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी जमली आणि गर्दीबरोबर तक्रारीही आल्या. व्यवस्थापकांनी मुकाट्याने जुन्या बाहुल्या काढल्या आणि दुकानातल्या नेहमीच्या, नीटनेटके कपडे घातलेल्या बाहुल्या तिथे बसवल्या. गोरगरिबाच्या पिठल्यात कुणी परस्पर साखर घालावी तसा हा प्रकार!

दुपारी दाली आला. त्याने पाहिले. व्यवस्थापकांशी वाद झाला, पण भाषेच्या अडचणीमुळे रंगला नसावा. मग स्वारी तडक खिडकीत शिरली आणि पाण्याने भरलेला टब उलथण्यासाठी तिने तो ओढला. टब उलथला नाही, घसरला. जाडजूड काच खळ्ळकन फुटली, टब फुटपाथवर गेला आणि त्याच्या मागोमाग कलावंतही. वरून काचेचे मोठे तुकडे कोसळत होते, त्यातला एखादा मानेवर पडला असता तर हा लेख लिहायचे कारण उरले नसते. पोलिसाने दालीला धरून नेले. न्यायाधीशाने हकीकत ऐकून घेतली, शिक्षा सुनावली आणि लगेच तहकूबही केली. कलावंताने आपल्या कामासाठी भांडावे, त्यात काही गैर नाही, असा एकंदर त्याचा सूर होता. आपल्या कामात परस्पर ढवळाढवळ झालेल्या चित्रकारांनी, आणि छापखान्याने परिच्छेद गाळलेल्या लेखकांनीही, या न्यायाधीशाचा फोटो लावावा. त्याच आठवड्यात ज्यूलियन लेव्हीच्या गॅलरीत दालीचे प्रदर्शन उघडायचे होते. ते उघडले तेव्हा बाहेर रांग लागली, आणि चित्रे भराभर विकली गेली.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेत त्याला एक मंडप मिळाला. दर्शनी भागावर बॉटिचेल्लीची व्हीनस, पण माशाच्या डोक्याची, अशी त्याची योजना. जत्रेच्या समितीने नकार दिला. कमरेखाली मासा चालेल, मानेवर चालणार नाही! दालीने चिडून कल्पनाशक्तीच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामाच छापला आणि मंडप उघडण्यापूर्वीच युरोपला निघून गेला.

वर्षभरात तिकडे हिटलरची फौज आली. १९४० साली दाली-दांपत्याला पुन्हा अमेरिका गाठावी लागली आणि आठ वर्षे तिथेच राहावे लागले. आता हा पाहुणा नव्हता, निर्वासित होता. १९४१ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या एका हॉटेलात त्याने एक रात्रभोजन योजले. उद्देश असा की युरोपातल्या निर्वासित कलावंतांना मदत मिळावी. छताला हजारो गोणपाटाच्या पिशव्या टांगल्या, झाडे आणली, जनावरे आणली, सिनेमातली बडी मंडळी जेवायला आली. हिशेब झाला तेव्हा जमेपेक्षा खर्चच वर निघाला. निर्वासितांच्या हाती एक छदामही पडला नाही. गावच्या गणेशोत्सवाची वर्गणी ज्यांनी सांभाळली आहे त्यांना हा ताळेबंद परका वाटणार नाही. पॅरिसमधला त्याचा जुना सोबती आंद्रे ब्रतों याने दालीच्या नावातलीच अक्षरे फिरवून त्याला ‘अविदा डॉलर्स’ असे नाव ठेवले. ‘डॉलरांचा हावरा’ असा त्याचा भाव.

आता आपल्या मुंबईशी त्याचा संबंध आला तो सांगतो. १९६७ च्या सुमारास एअर इंडियाने पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट देण्यासाठी दालीकडून रक्षापात्राचा नमुना काढून घेतला. मधे शिंपला, कडेला वेटोळे घातलेला साप, खाली टेकू म्हणून हत्ती आणि राजहंस. आणि ते पात्र उपडे केले की हत्तीचा राजहंस दिसे, राजहंसाचा हत्ती. ही जुनी युक्ती त्याच्या १९३७ च्या एका चित्रातलीच होती. मोबदला विचारला तर म्हणे पैसे नकोत, हत्तीचे पिल्लू पाहिजे. त्यावर बसून आल्प्स ओलांडायचा त्याचा मनसुबा होता असे सांगतात.

एअर इंडियाचा महाराजाही त्या काळी कमी खट्याळ नव्हता. बंगलोरहून हत्तीचे पिल्लू विमानात चढले, सोबत माहूत. जिनिव्हापर्यंत आकाशमार्गाने, तिथून ट्रकने दालीच्या कादाकेस गावापर्यंत. सारा गाव रस्त्यावर लोटला. आल्प्सचे मग नावच निघाले नाही. चार पायांच्या जावयाचे खाणेपिणे आणि अंगण सांभाळता सांभाळताच मालकाची दमछाक झाली असावी. पुढे त्या पिल्लाची रवानगी व्हॅलेन्सियाच्या प्राणिसंग्रहालयात झाली, आणि कन्नड ऐकत वाढलेला तो जीव स्पॅनिश हाका ऐकत तिथे राहिला.