अंगठा आपला, करार कुणाचा?



गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका आक्कांच्या घरी नोटीस आली. तुमच्या नावावरच्या मोबाईलचं बिल थकलंय, भरा, नाहीतर कारवाई होईल. आक्कांकडे एकच साधा फोन, रिचार्ज मारला तर चालणारा. महिन्याला बिल येणारं कार्ड त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. बैठकीत त्या हळूच म्हणाल्या, "भरून टाकते गं. गावात बोभाटा कशाला?"

मी म्हटलं, "आक्का, थांबा. जे घेतलंच नाही त्याचे पैसे भरलेत, तर उद्या म्हणतील, ते तुमचंच होतं."

त्या रात्री मला बी.ए.ला शिकलेला इतिहास आठवला. न घेतलेल्या कर्जाचा कागद गळ्यात पडणं हे आपल्या मुलखाला नवं नाही.

दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, कुणब्यांनी कर्ज घेतलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. वरून सरकारने शेतसारा वाढवलेला. कर्ज फिटेना, कागदावर कागद चढत गेले. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराची निशाणी काढायचा, बाईची निशाणी बांगडीची. वर काय लिहिलंय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. घेतले किती, लिहिले किती, फेडले किती, याची पावती नाही. कोर्टाचं बोलावणं आलं तरी भीतीने किंवा न कळल्यामुळे बरेच जण जात नसत, आणि निकाल एकतर्फी लागायचा.

१२ मे १८७५ रोजी बारामतीकडच्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जाचे कागद. ते ओढून काढून त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

कागद जळले, पण पुष्कळ माणसं तुरुंगात गेली. खरा बदल पुढे झाला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पहिल्यांदा चारच जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, नगर आणि आपला सोलापूर.

त्या कायद्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, शेतकऱ्याने कर्जाचा कागद करायचा तो गावच्या निबंधकासमोर. माणूस तोच आहे ना, याची आधी खात्री करायची, मग कागद वाचून दाखवायचा. दोन, कोर्टाने नुसत्या कागदावर विसंबायचं नाही, व्यवहाराच्या मुळाशी जाऊन मागचा सगळा हिशेब तपासायचा. तीन, फेडलेल्या पैशाची पावती आणि वर्षाच्या हिशेबाचा उतारा मागायचा शेतकऱ्याला हक्क. सावकारी काही त्या कायद्याने संपली नाही. पण "हा कागद माझा नाही" असं म्हणणाऱ्याचं ऐकून घ्यायची वाट मोकळी झाली.

आता अंगठ्याचं बघा. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. कशासाठी? त्याने पुढे "मी हे लिहून दिलंच नाही" म्हणू नये म्हणून. म्हणजे ठसा घेतला गेला तो घेणाऱ्याच्या सोयीसाठी. पुढे २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, आणि अंगठा रेशन दुकानापासून बँकेपर्यंत सगळीकडे लागू लागला.

मोबाईलचं कार्डही अंगठ्यावर मिळू लागलं. बाजारात छत्रीखाली बसलेला पोरगा म्हणतो, "मावशी, अंगठा नीट उमटला नाही, परत ठेवा." पहिल्या ठशावर तुमचं कार्ड, दुसऱ्यावर भलत्याचं. झेरॉक्सच्या दुकानात राहिलेल्या प्रतीवरही असे प्रकार झाले. अशा कार्डावरून कुणी लोकांना फसवलं, तर पोलीस आधी नाव असलेल्या बाईच्या दारात येतात.

आक्कांसाठी आम्ही काय केलं ते सांगते. १८७९ च्याच तीन गोष्टी, फक्त आजच्या रूपात.

आधी हिशेब पाहिला. सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपला नंबर टाकला की ओटीपी येतो आणि आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत त्याची यादी दिसते. आपल्या राज्यात एका नावावर नऊच नंबर चालतात. आक्कांच्या नावावर तीन निघाले. न घेतलेल्या दोनांपुढे "हा माझा नंबर नाही" असं नोंदवलं आणि मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहिला. एक ध्यानात ठेवा: हातातलं कार्ड मालकांच्या नावावर असेल, तर यादीही मालकांचीच दिसते.

मग मुळाशी गेलो. कंपनीला लेखी तक्रार दिली: हा करार मी केलेला नाही, ज्या अर्जावर आणि फोटोवर कार्ड दिलं तो अर्ज दाखवा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईल कंपनीविरुद्धची तक्रार तिथे चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि तिसरी, पावती. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि पोच घेतली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने दुसऱ्याच्या नावावर फसवून कार्ड घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करायचा.

चार महिने लागले. अर्जावरचा फोटो आक्कांचा नव्हताच. मागणी रद्द झाल्याचं पत्र आलं, ते आम्ही बैठकीत मोठ्याने वाचलं. आक्का म्हणाल्या, "भरून मोकळी झाले असते, तर चोर मीच ठरले असते की."

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की प्रत्येकीने आपली यादी बघायची. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहायची. आणि कुणी दुसऱ्यांदा अंगठा मागितला, तर आधी विचारायचं: पहिला कुठे गेला?

सुप्याच्या लोकांना कागद जाळावे लागले, कारण ते वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. आपल्या गटात वाचणारी निदान एकतरी आहे. तिच्याजवळ बसा.