मुंबई ते जिद्दा : पाच तासांचं अंतर, वर्षाचा प्रवास

मी उर्दू-मराठी शिकवतो. परवा भूगोलाच्या सरांची रजा होती, म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मुलांनी मुंबई ते जिद्दा अंतर काढलं : सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. विमानाला साधारण पाच तास. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे इथून सकाळी दहाला निघालेला माणूस तिथे दुपारी साडेबाराच्या सुमारास उतरतो. एकानं विचारलं, "सर, एवढंसंच अंतर, मग पूर्वी हाजींना निरोप देताना सगळं गाव का रडायचं?"

प्रश्न साधा होता, उत्तर मात्र वाऱ्यात दडलेलं आहे.

शिडाच्या जहाजांचा मालक वारा. अरबी समुद्रात तो हिवाळ्यात ईशान्येकडून वाहतो, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. जाताना एक वारा, परतताना दुसरा. अरबीतल्या 'मौसिम' या शब्दावरूनच मान्सून हा शब्द आला, आणि हजच्या हंगामालाही अरबीत मौसिमच म्हणतात. पण वाऱ्याचा मौसिम सूर्याप्रमाणे चालतो आणि हजचा चंद्राप्रमाणे, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत. दोन्ही जुळले नाहीत की महिनोन्‌महिने थांबणं आलं. त्यामुळे हजला निघालेला माणूस वर्षभर घरी दिसायचा नाही.

मोगलकाळात सुरतेला 'बाब-उल-मक्का', मक्केचा दरवाजा म्हणत. अकबराची आत्या गुलबदन बेगम 1575 मध्ये फतेहपूर सिक्रीहून निघाली. समुद्रावर पोर्तुगीजांची सत्ता. त्यांच्या परवान्यासाठी शाही घराण्यालाही सुरतेत सुमारे वर्षभर अडकून पडावं लागलं. परतताना एडनजवळ जहाज फुटलं. ती घरी पोहोचली 1582 मध्ये. बादशहाच्या आत्याची ही कथा, तर गरीब हाजीचं काय होत असेल! 1695 मध्ये तर औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज हाजींसह परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं लुटलं.

वाफेनं वाऱ्याची मालकी संपवली. 1869 मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, 1877 मध्ये पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेलेली कंपनी निघाली आणि मुंबई हे हाजींचं मोठं बंदर झालं. सुमारे 2,300 सागरी मैल कापायला बारा ते पंधरा दिवस लागत. जहाजात खच्चून गर्दी, आणि तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर साथीच्या भीतीनं विलगीकरण. 1995 मध्ये मुंबईहून हाजींची जहाजंही बंद झाली.

पूर्वी यलमलमची सीमा जवळ आली की जहाजावर एहराम बांधत. आता विमान ती सीमा हवेतच ओलांडतं, म्हणून बरेच जण मुंबईतच एहराम बांधून निघतात. आज वाट पाहायची ती वाऱ्याची नाही, यादीत नंबर लागण्याची.

मुलाला मी सांगितलं, परत येण्याची खात्री नसायची, म्हणून माणसं कर्ज फेडून, वारसांना हिशेब सांगून, दुखावलेल्यांच्या दारात जाऊन माफी मागून निघायची. गाव रडायचं ते त्यासाठी.

प्रवास पाच तासांवर आला, ही अल्लाहची मेहरबानी आणि माणसाची अक्कल. पण दुखावलेल्या शेजाऱ्याच्या दारापर्यंतचं अंतर विमानानं कमी होत नाही. ते अजूनही पायीच कापावं लागतं.