वॉटरफॉल: आकृती सगळ्यांनी घेतली, इशारा कुणीच नाही

इंजिनिअरिंगला वॉटरफॉल मॉडेलची आकृती सगळ्यांनीच काढलीय. आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग. एकेक पायरी उतरत जायचं. या आकृतीसोबत नाव येतं विन्स्टन रॉइस यांचं, साल 1970.

आता गंमत ऐका. रॉइस यांच्या पेपरात ही आकृती आहे, पण लगेच पुढे ते म्हणतात की असं काम करणं धोक्याचं आहे. कारण टेस्टिंग येतं शेवटी. तिथे मोठी चूक सापडली की पार रिक्वायरमेंटपर्यंत मागे जावं लागतं. मग उपाय? सॉफ्टवेअर पहिल्यांदाच बनत असेल तर आधी एक छोटी आवृत्ती करून बघा आणि ग्राहकाला सुरुवातीपासून सोबत घ्या. 'वॉटरफॉल' हा शब्द तर त्या पेपरात नाहीच!

लोकांनी मात्र आकृती उचलली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं 1985चं 2167 स्टँडर्ड याच वळणाचं होतं. 1994 मध्ये ते बदलावं लागलं. दरम्यान 1986 मध्ये बॅरी बोहम यांनी स्पायरल मॉडेल मांडलं: सगळ्यात मोठी जोखीम आधी तपासा. 2001 मध्ये युटामध्ये 17 जणांनी अजाइल जाहीरनामा लिहिला.

मग निवडायचं कसं? विचारा, चूक उशिरा सापडली तर किती महागात पडेल? फूड ॲपमधली चूक उद्याच्या अपडेटमध्ये सुधारता येते. पेसमेकरचं तसं नाही. तिथे आधीचं डिझाइन आणि कागदपत्रं काटेकोरच हवीत. आणि रोज स्टँडअप घेऊनही ग्राहकाला सहा महिने काहीच दाखवलं नाही, तर ते नावापुरतंच अजाइल.