राणीच्या बागेतली झाडे कुणी मोजली?

आपल्या वॉर्डातल्या बागेचे 'सुशोभीकरण' होणार असे ऐकले की डोळ्यांपुढे काय येते? पेव्हर ब्लॉक, कारंजे, रंगीत दिवे आणि उद्घाटनाची कोनशिला. पण बाग सुधारायची म्हणजे नक्की काय करायचे? या प्रश्नावर मुंबईत, भायखळ्याच्या राणीच्या बागेत, मोठा वाद झाला आणि त्यात बायका पुढे होत्या. आज तीच गोष्ट सांगते.

राणीची बाग म्हटले की आपल्याला पिंजरे आठवतात. खरे तर ही बाग मुळात झाडांची. पश्चिम हिंदुस्थानातील शेती आणि बागायतीसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीकडे गेली आणि भायखळ्याला नवी बाग उभी राहिली. डॉ. जॉर्ज बर्डवूड आणि आपले डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसे या कामात होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, लोकांच्या तोंडी राणीचा बाग. बागेची देखभाल १८७३ मध्ये नगरपालिकेकडे आली. प्राणी आले ते त्यानंतर. १९६९ मध्ये बागेला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे नाव मिळाले.

लालबाग-परळच्या चाळींतल्या बायकांना ही बाग म्हणजे मोठा विसावा. दोन खोल्यांत सात-आठ माणसे, नळावर रांग, गिरणीच्या भोंग्यावर चालणारा दिवस. सुट्टीच्या दिवशी डबा बांधून, मुलांना घेऊन झाडाखाली बसायला मिळे. मुले हत्ती बघत, आई सावलीत पाय पसरून बसे. त्या सावलीची किंमत कुठल्या अंदाजपत्रकात लिहिलेली नसते.

२००७ च्या सुमारास महापालिकेने बागेचा कायापालट करायचे ठरवले. परदेशी धर्तीचे प्राणिसंग्रहालय आणि खर्च ४०० कोटी रुपयांहून अधिक. प्राण्यांची अवस्था सुधारायला हवी होती, यात वाद नव्हता. जुने पिंजरे खरोखरच अरुंद होते. पण एवढे बांधकाम झाले तर झाडांचे काय होणार, असे बागेत नेहमी जाणाऱ्या काही स्त्रियांनी विचारले. त्या झाडांवर प्रेम करणाऱ्या, झाडे नावानिशी ओळखणाऱ्या होत्या.

त्यांनी नुसती ओरड केली नाही. झाडांची नोंद हातात धरून त्या बोलू लागल्या. सुमारे पन्नास एकरांच्या बागेत तीन हजारांहून अधिक झाडे, आणि पावणेतीनशेहून अधिक जाती! जाड बुंध्याची आफ्रिकेतली गोरखचिंच इथे आहे. मूळची ब्रह्मदेशातली, लाल-पिवळ्या फुलांचे झुंबर लोंबवणारी उर्वशी आहे. खोडालाच फुले येणारा कैलासपती आहे. मुंबईसारख्या शहरात वनस्पतिशास्त्राच्या मुलांना एवढी झाडे एका जागी दुसरीकडे कुठे दाखवणार?

मग पत्रे, निवेदने, वर्तमानपत्रांतून लेख, लोकांना बागेत नेऊन झाडांची ओळख करून देणे असे काम वर्षानुवर्षे चालले. ही बाग वारसा यादीतली असल्याने आराखडा वारसा संवर्धन समितीपुढे जाणे भाग होते. समितीने तो मूळ स्वरूपात मान्य केला नाही. शेवटी योजना पुष्कळच आटोपती घ्यावी लागली.

सगळे मनासारखे झाले असे मात्र नाही. पुढे पेंग्विन आले, नवी दालने झाली. २०१७ मध्ये मोठ्यांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवली, तरी रोजंदारीवर जगणाऱ्या घराला तेही जड वाटते. बाग सुधारली, पण तिथे येणारी माणसे बदलली तर सुधारणा कुणासाठी, हा प्रश्न उरतोच.

आपली बाग वारसा यादीत नसेल. पण महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि तोडण्याआधी नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. झाडावर चिकटवलेला तो कागद वाचत जा. आराखडा दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागता येतो.

आणि त्याआधी एक सोपे काम. चार जणी मिळून वही घेऊन बागेत जा. झाडे किती, बाके सावलीत किती, बायकांचे स्वच्छतागृह उघडे असते का, संध्याकाळी कुठल्या कोपऱ्यात अंधार असतो, आजींना पायऱ्यांशिवाय आत जाता येते का, हे लिहून काढा. काम सुरू होण्याआधी ती वही वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर असली पाहिजे. सिमेंट पडल्यावर तिचा उपयोग नाही.