ऐरणीवरचा तांदळाचा दाणा

आपल्या कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडे असतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब. घोडेस्वार जिच्यात पाय ठेवतो ती रिकीब. अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आलेला हा शब्द जेमतेम तीन मिलिमीटरच्या हाडाला शोभून दिसतो. आवाज पडद्यावर आदळला की ही साखळी थरथरते आणि थरथर आतल्या शंखापर्यंत पोहोचते. अगदी हलका आवाज ऐकू येतो तेव्हा पडदा अणूच्या रुंदीहूनही कमी हलतो. इतकी बारीक हालचाल मोजायची कशी?

बुडापेस्टला टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनवर काम करता करता गेओर्ग फॉन बेकेशी कानाकडे वळले. मृतांच्या कानातील शंखाच्या पातळ पडद्यावर चांदीचे कण टाकून, लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून त्यांनी ध्वनीची लाट पाहिली. १९६१ साली त्यांना नोबेल मिळाले. मात्र ती लाट दिसायला कानठळ्या बसवणारा आवाज लागे.

पुढे लेसर आला. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी जशी चढी वाटते, तसा हलत्या हाडावरून परतणाऱ्या प्रकाशातही फरक पडतो. त्या फरकावरून हाडाचा वेग कळतो. कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे डॉ. रिचर्ड गुड यांच्या प्रयोगशाळेत अशी मोजणी चाले. तिथे काम करणारे जेफ्री बॉल लहानपणीच्या तापामुळे स्वतःच कमी ऐकत.

कानातले नेहमीचे यंत्र आवाज मोठा करते. पण ते शिट्टी मारते, कान कोंडल्यासारखा होतो. बॉल यांनी वेगळा विचार केला. आवाज वाढवण्याऐवजी हाडच हलवले तर? त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढे, आत चुंबक आणि भोवती तारेचे वेटोळे असलेले यंत्र बनवले. ते ऐरणीला चिमट्याने बसते. कानामागचा बाहेरचा भाग आवाज टिपून त्वचेतून आत संदेश पाठवतो. ते किती हलवते, हे पारखायला लेसर होताच.

१९९६ साली झुरिचला डॉ. उगो फिश यांनी ते पहिल्यांदा रुग्णाच्या कानात बसवले. २००० साली अमेरिकेत परवानगी मिळाली. बॉल यांनी आपल्याही दोन्ही कानांत ते बसवून घेतले. आतला शंखच निकामी असेल, तर मात्र हे यंत्र उपयोगी पडत नाही. तिथे थेट श्रवणनसेला विद्युतसंदेश देणारे कॉक्लिअर इम्प्लांट लागते.

आणि २००२ च्या अखेरीस बॉल यांच्या सिम्फोनिक्स कंपनीने गाशा गुंडाळला. यंत्रे मात्र माणसांच्या कानांतच होती. बिघडले तर दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न खरोखरच ऐरणीवर आला. २००३ साली ऑस्ट्रियाच्या मेड-एल कंपनीने हे तंत्र विकत घेतले, म्हणून ते टिकले.

चष्मा मोडला तर दुसऱ्या दुकानात जाता येते. कानाच्या हाडाला लावलेल्या यंत्राचे तसे नसते. म्हणून शस्त्रक्रियेआधी ऐकू किती येईल, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि वीस वर्षांनी याची दुरुस्ती कोण करणार, हेही विचारा.